विरंजन

मराठी कवितेतला समुद्र आम्ही दोघे गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांनी ज्याच्याशी संवाद मांडला तो समुद्र, आणि कुसुमाग्रजांचा कोलंबस ज्याला आव्हान देतो तोही समुद्र. एक किनाऱ्यावरून पाहिलेला, दुसरा गलबतावरून. दोन्हीकडे समुद्र म्हणजे पृष्ठभाग : लाटा, गर्जना, क्षितिज. त्या पृष्ठभागाखाली काय असते, असा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हालाही तो पडला नव्हता. एका सुट्टीत मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पाण्यात डोके घालून पंधरा-वीस मिनिटे मासे पाहिले होते, तेवढाच काय तो अनुभव. त्या पंधरा-वीस मिनिटांनी मात्र एक चटक लावली. पुढे २०२४ सालच्या एप्रिलच्या अखेरीस, परीक्षांचे काम आटोपून, आम्ही लक्षद्वीपमधल्या कदमत बेटावर गेलो, ते पाण्याखाली उतरायचे असे ठरवूनच.

लक्षद्वीपला जायचे म्हणजे आधी परवाना काढावा लागतो. मग कोचीहून बोट. रात्र बोटीवर काढून सकाळी डेकवर यावे तर आधी बेट दिसतच नाही. दिसतो तो पाण्याचा बदललेला रंग. गडद निळ्यात अचानक एक फिकट हिरवी पट्टी उमटते, आणि तिच्या पलीकडे नारळींची एक बारीक रेघ. कदमत सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे. रुंदी मात्र सर्वांत रुंद ठिकाणीही जेमतेम अर्धा किलोमीटर. बेटाच्या मधल्या रस्त्यावर उभे राहिले की दोन्ही बाजूंच्या समुद्राचा आवाज ऐकू येतो. डोंगर नाही, नदी नाही, खडक म्हणावा असा खडकही नाही. पायाखालची पांढरी वाळू ही प्रवाळांचा भुगा आहे. किंबहुना सगळे बेटच प्रवाळांनी बांधलेले आहे.

ही बेटे कशी बनतात याची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडली. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी मूळ बेट पाण्याखाली जाते आणि मागे उरते ते प्रवाळांचे कडे व त्यातले उथळ खाजण. गंमत अशी, की या उपपत्तीचा गाभा आपल्याला खरे प्रवाळबेट पाहण्याआधीच, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना सुचला होता, असे डार्विनने आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. आम्हां पुस्तकी माणसांना बोटीवर ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटली. न पाहताही बरोबर वाचता येते तर! पाहूनही चुकीचे वाचता येते, हे कळायला अजून दोन दिवस होते.

पहिला दिवस उथळ खाजणात शिकण्यात गेला. आमचा प्रशिक्षक बेटावरचाच तरुण होता. घरी तो जेसरी ही मलयाळमची बेटावरची बोली बोलायचा आणि आमच्याशी मोडक्या हिंदीत. आमच्यापैकी एकाला पाण्याची लहानपणापासून भीती. मास्कमध्ये पाणी शिरले की ते नाकाने हवा सोडून बाहेर कसे काढायचे, एवढेच त्या दिवशी करायचे होते, आणि कमरेइतक्या पाण्यातही ते सहा वेळा फसले. प्रशिक्षकाने घाई केली नाही. त्याने पहिला नियम सांगितला : श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि ती कोंडून ठेवली तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून काहीही झाले तरी श्वास चालू ठेवायचा. ‘श्वास रोखून वाचावी अशी कादंबरी’ ही शिफारस आम्ही किती जणांना केली असेल! इथे मात्र पाहणाऱ्याचा पहिला धर्म म्हणजे नेमाने श्वास घेत राहणे.

दुसरा धडा खुणांचा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातांची भाषा शिकायची. अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ‘सगळे ठीक’. तळहात पालथा करून डोलवला तर ‘काहीतरी बिघडले आहे’. आणि अंगठा वर केला तर ‘वर चला’. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते हे भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही दर वर्षी सांगतो. मान डोलावून आम्ही दोघांनी हा धडा पाच मिनिटांत संपवला. तो आपलाच विषय होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी कड्याबाहेर गेली. पाठीवर टाकी, तोंडात रेग्युलेटर, कमरेला शिशाची वजने. दोराला धरून एकेक मीटर खाली जायचे, नाक दाबून कानांतला दाब सारखा करायचा, पुन्हा एक मीटर. बाजूला प्रशिक्षक आणि त्याचा एक सहकारी. ज्याला भीती होती त्याने दोराची पकड सोडली नाही. पण वर जायची खूणही केली नाही.

खाली गेल्यावर पहिला धक्का बसला तो आवाजाचा. जाक कुस्तोने १९४३ साली एमिल गान्यानच्या साथीने पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे १९५३ साली आलेल्या आपल्या पुस्तकाला ‘मूक विश्व’ या अर्थाचे नाव दिले. ते विश्व मूक मुळीच नाही. कढईत मोहरी तडतडावी तसा एक अखंड तडतडाट चहूकडून ऐकू येत होता. चिमुकल्या कोळंब्या आपली नांगी फटकन मिटतात त्याचा तो आवाज, असे नंतर कळले. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो दोन्ही कानांना जवळजवळ एकाच क्षणी गाठतो आणि आवाज कुठून आला हे सांगता येत नाही. दुसरा धक्का रंगांचा. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. मनगटावर बांधलेला लाल गंडा काळपट तपकिरी दिसू लागला होता. पाणी मात्र फार सुखद होते. थंडी वाजेल म्हणून आम्ही धास्तावलो होतो; प्रत्यक्षात ते अंघोळीला विसण घातल्यासारखे कोमट होते.

आणि मग सात-आठ मीटरांवर ती बाग दिसली. तिच्यासाठी आम्हांला दुसरा शब्द सुचला नाही. फांद्याफांद्यांची झुडपे, एकावर एक ठेवलेल्या परातींसारखे थर, मोठमोठे गोल घुमट. आणि सगळे पांढरेशुभ्र. कोजागरीच्या रात्री एखादे गाव बर्फात बुडाले असावे तसे. काही फांद्यांच्या टोकांना फिकट जांभळी, निळसर झळाळी होती. त्या शुभ्रतेच्या मधून पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे जात होते आणि त्या पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. एवढी शांत, एवढी निर्लेप गोष्ट आयुष्यात पाहिली नव्हती. प्रशिक्षक आमच्याकडे पाहत होता. त्याला काहीतरी सांगावे, दाद द्यावी, असे अनावर वाटले आणि आम्ही दोघांनीही उत्साहाने अंगठे वर केले.

त्याने तत्काळ आमचे दंड धरले आणि आम्हांला वर आणले.

होडीवर चढल्यावर त्याने काळजीने विचारले, काय झाले? श्वास लागला का? कान दुखले का? आम्ही ओशाळून सांगितले, की काही झाले नाही, फार सुंदर आहे एवढेच म्हणायचे होते. चिन्हांची यादृच्छिकता शिकवणारे आम्ही पाण्याखाली शब्दशः अंगठाबहाद्दर ठरलो होतो. आम्ही हसलो. तोही हसेल असे वाटले होते. पण तो पाण्याकडे पाहत म्हणाला, “सर, वो बीमार है.”

पुढचा अर्धा तास तो होडीवर बोलत होता, आणि त्याच्या मोडक्या हिंदीतून आम्हांला जे समजले ते असे. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. लहानलहान जिवांची एक वसाहत, चुन्याच्या सांगाड्यावर राहणारी. या प्राण्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि आपल्या यजमानाला त्यातला मोठा वाटा देतात. त्याचे बहुतेक सारे पोषण यातूनच होते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या पाहुण्यांचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी तापले आणि काही आठवडे तापलेलेच राहिले, तरी हे सहजीवन मोडते. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. उरतो तो पारदर्शक जीव, आणि त्याच्या आतून दिसणारा पांढरा सांगाडा. ती जांभळी-निळी झळाळीदेखील काही वेळा अशाच ताणात सापडलेल्या प्रवाळाची असते. म्हणजे आम्ही जिला शुभ्रता म्हणत होतो ती उपासमार होती. आणि जे कोमट पाणी आम्हांला सुखद वाटले, तेच तिचे कारण होते.

त्या वर्षी हे एकट्या कदमतचे नव्हते. १५ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जागतिक पातळीवरची चौथी विरंजनघटना जाहीर केली होती. लक्षद्वीपच्या पाण्यात २०२३च्या ऑक्टोबरअखेरपासून उष्णतेची लाट टिकून आहे आणि तिथल्या प्रवाळांचे मोठे विरंजन झाले आहे, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मे महिन्यात सांगितले. त्याआधी या बेटांनी १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या घटना सोसल्या होत्या. मैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांभोवतीच्या प्रवाळांची चोवीस वर्षे नोंद ठेवली आहे. तिच्यानुसार १९९८मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. आमच्या प्रशिक्षकाला हे आकडे ठाऊक होते की नाही, आम्ही विचारले नाही. त्याच्यापुरता हिशेब साधा होता. प्रवाळांचे कडे लाटा अडवते म्हणून बेट टिकते. कड्याच्या आत खाजण शांत असते म्हणून तिथे बारीक मासे मिळतात; ते जिवंत आमिष म्हणून वापरून गळाने कुपा धरायचा, ही बेटांवरची जुनी मासेमारी. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो, विहिरींना तेच पाणी. कडे झिजले तर हे सगळे हळूहळू जाते. आम्हांला जे दृश्य होते ते त्याच्या घराचे कुंपण होते.

संध्याकाळी वाळूत बसून आम्ही आमच्या सवयीप्रमाणे शब्दांकडे वळलो. प्रवाळ, पोवळे : मराठीला हे शब्द अनोळखी नाहीत. नवरत्नांत पोवळे आहे, मंगळाच्या अंगठीत आहे, मंगळसूत्राच्या सरांत आहे, वैद्याच्या प्रवाळपिष्टीत आहे. पण हे सारे मेलेले प्रवाळ आहे. आणि ते तांबडे रत्न प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येणारे, अशी कडी न बांधणारे, वेगळेच. जिवंत प्रवाळ आजारी पडतो, याला आपल्याकडे जुना शब्द असण्याचे कारणच नव्हते. नवा शब्द मात्र वृत्तपत्रांनी आणला आहे, ‘विरंजन’. आधी तो कापडगिरणीतला वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेले की थबकायला होते. संस्कृतातला ‘रञ्ज्’ हा धातू रंगणे आणि रमणे, दोन्ही अर्थांचा. त्यातूनच रंग आला, रंजन आले, राग आणि अनुराग आले. आणि त्याच्याच उलट बाजूने विराग, वैराग्य, विरक्त. विरक्त म्हणजे मुळात ज्याचा रंग उतरला आहे असा. आपल्या परंपरेने या रंग उतरण्याला फार मोठी प्रतिष्ठा दिली आहे, आणि ती अकारण नाही. संताच्या विरक्तीमागे साधना असते. पण प्रत्येक उतरलेला रंग साधनेने उतरलेला नसतो.

इथवर बोलणे आले आणि आम्ही दोघेही गप्प झालो, कारण आम्हां दोघांना एकाच वेळी एकच मुलगा आठवला होता.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी वहीत कविता लिहून आणीत असे. पहिल्या वर्षी त्या कविता भडक, प्रतिमांनी लगडलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्या आखडत गेल्या. विशेषणे गेली, मग प्रतिमा गेल्या. पानावर चार-पाच शब्द आणि भोवती कोरी जागा. आम्ही हरखून गेलो. अल्पाक्षरत्व साधले, असे वाटले. त्या वहीच्या समासात आमच्यापैकी एकाने लिहिले होते, ‘विरक्तीचा सूर. वयाच्या मानाने विलक्षण.’ दुसऱ्याने त्या कविता वर्गात वाचून दाखवल्या. वार्षिकांकात त्या छापल्या आणि त्यांना पारितोषिकही दिले. दिवाळीनंतर मुलगा वर्गात दिसेनासा झाला. काही महिन्यांनी दाखला न्यायला त्याचा मोठा भाऊ आला, तेव्हा समजले की तो रुग्णालयात होता, नैराश्यावर उपचार चालू होते. भाऊ जाताना म्हणाला, “तुमच्याकडं वही द्यायचा ना तो? तुम्हांला काही वाटलं नव्हतं का सर?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

या प्रश्नाला एक शास्त्रीय उत्तर आम्हांला येत होते. कलाकृती स्वायत्त असते, कविता हा कवीच्या आजाराचा कागद नव्हे, कवितेतला ‘मी’ आणि लिहिणारा यांत अंतर राखावे; हे आम्ही शिकलो आणि शिकवतो. ते खोटे आहे असे आजही वाटत नाही. प्रत्येक खिन्न कवितेत लक्षणे शोधू लागलो तर साहित्याचे दवाखाने होतील. पण ज्याची कविता आपल्यासमोर आहे तो काही शे-दोनशे वर्षांपूर्वीचा कवी नव्हता, तिसऱ्या बाकावर बसलेला मुलगा होता. त्याच्या कवितेतला रंग एका वर्षात उतरला, हा बदल आमच्या डोळ्यांपुढे घडला होता. आम्ही तो पाहिला होता, त्याला नावही अचूक दिले होते. ‘विरक्त’ हा शब्द व्युत्पत्तीने तंतोतंत बरोबर होता. फक्त तो आम्ही कौतुकाच्या रकान्यात लिहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा उतरलो. खरे तर ज्याला भीती होती त्यानेच आग्रह धरला. तीच जागा, तोच तडतडाट, तीच शुभ्रता. पण पहिल्या दिवशी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. काही फांद्यांवर हिरवट शेवाळाची लव धरली होती. तिथला जीव गेला होता. काही फांद्या मात्र जवळून पाहता नुसत्या पांढऱ्या नव्हत्या. त्यांच्यावर काचेसारखा एक पातळ थर होता. हे अजून जिवंत आहेत, असे प्रशिक्षकाने आदल्या दिवशी सांगितलेच होते. पाणी वेळेवर निवले तर शैवाले परत येतात, रंग परत येतो. आजारी आणि मृत यांच्यात काही आठवड्यांचे अंतर असते. एका बाजूला एक मोठा घुमट तपकिरी रंगात, जसाच्या तसा उभा होता. अशा गोल, सावकाश वाढणाऱ्या प्रवाळांना उष्णता त्या मानाने अधिक सोसते. पहिल्या दिवशी आम्ही त्याच्याकडे पाहिलेही नव्हते. तो मळकट दिसला होता.

प्रशिक्षकाने आमच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. आम्ही अंगठा आणि तर्जनी जुळवली. आम्ही ठीक होतो. मग आमच्यापैकी एकाने पालथा तळहात त्या पांढऱ्या बागेच्या दिशेने हलकेच डोलवला. काहीतरी बिघडले आहे. त्याने मान हलवली.

परतल्याला आता बराच काळ लोटला. तिथली छायाचित्रे आम्ही घरी येणाऱ्यांना दाखवतो आणि ‘किती सुंदर’ हा उद्गार दर वेळी निघतो. त्यात त्यांची चूक नाही. त्या पाण्याचे तापमान उतरवणे आमच्या हाती नाही. त्या मुलाच्या भावाला द्यायचे उत्तरही राहून गेले ते गेलेच. मुलगा आता बरा आहे, नोकरी करतो, कविता लिहीत नाही. मध्यंतरी बसस्थानकावर भेटला तेव्हा आमच्याबरोबर चहा प्यायला आणि कवितेचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही. वह्या मात्र अजून येतात. समासात अभिप्राय लिहिण्यापूर्वी आम्ही मागच्या वर्षीची वही काढून दोन्ही शेजारी ठेवतो. आणि एखाद्या पानावर कोरी जागा फार वाढलेली दिसली, की अभिप्राय नंतर लिहू असे ठरवून आधी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून घेतो, बसायला सांगतो आणि विचारतो, जेवण वेळेवर होते का, झोप लागते का.